नर्सिंग शिकता शिकता ईएमटी करावे का?

वाचक विद्यार्थिनीचे पत्र :

“मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात शिकते. माझे घर चिपळूण तालुक्यात असून कॉलेज सातारा जिल्ह्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.ने घरी येताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीपुढे एका मोटारसायकलस्वाराचा अपघात झाला. लोक धावले, मीही उतरले. तो मनुष्य शुद्धीत नव्हता, मांडीतून रक्त वाहत होते आणि श्वास घोरल्यासारखा येत होता. मान हलवू नये, पाणी पाजू नये, हे मला पाठ होते. तरी एकाने त्याच्या तोंडात पाणी ओतले, चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलून जीपमध्ये घातले आणि मी बाजूला उभी राहून पाहत राहिले. तो वाचला की नाही, हे मला ठाऊक नाही. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. कॉलेजजवळच्या शहरात एक खासगी संस्था शनिवार-रविवार चालणारी एक वर्षाची ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णवाहिकेवर रुग्णाची तातडीची काळजी घेणारा प्रशिक्षित कर्मचारी) पदविका देते. शुल्क ४०,००० रुपये आहे आणि ‘रुग्णवाहिकेवर नोकरीची हमी’ असे पत्रकावर छापले आहे. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण म्हणते की तिकडे नर्सिंगच्या कितीतरी मुली आधी ईएमटी होतात. बाबा भातशेती करतात, पण ते पैसे द्यायला तयार आहेत. मी हा अभ्यासक्रम करावा का? उद्या पुन्हा रस्त्यावर असे काही घडले आणि मी हात लावला, तर कायद्याने माझ्यावर काही येईल का? आणि जवळ काय बाळगावे, तेही सांगावे.”

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे बाबांशी बोलायला तू मोकळी होशील. ही एक वर्षाची पदविका तू सध्या करू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण मात्र तू अवश्य घ्यावेस, ते याच वर्षी सुरू करावेस आणि नर्सिंगच्या शिक्षणाला धक्का न लावता टप्प्याटप्प्याने पुढे न्यावेस. ते कसे करायचे, हे सविस्तर सांगते. पण त्याआधी घाटातल्या त्या प्रसंगाविषयी बोलायला हवे, कारण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तिथेच आहे.

तू लिहिलेल्या तीन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या : तो मनुष्य बेशुद्ध होता, मांडीतून रक्त जात होते आणि श्वास घोरल्यासारखा येत होता. तिसऱ्या सत्रातल्या मुलीने त्या गोंधळात या तिन्ही गोष्टी नेमक्या टिपल्या, याचा अर्थ तुझे निरीक्षण उत्तम आहे. बेशुद्ध माणसाचा श्वास घोरल्यासारखा येतो, तेव्हा बहुतेक वेळा जीभ मागे पडून श्वासमार्ग अर्धवट अडलेला असतो आणि मानेला इजा असण्याची शंका असेल, तर मान मागे न झुकवता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलून तो मार्ग मोकळा करावा लागतो. मांडीच्या रक्तस्रावावर कापडाची घडी ठेवून अंगाचा भार देऊन दाबून धरावे लागते आणि दर मिनिटाला ती घडी उचलून पाहायची नसते. डोके आणि मान एका रेषेत राहावी म्हणून एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी ते स्थिर धरावे लागते. या तीन कामांना तीन माणसे लागतात आणि तू तिथे एकटी होतीस. त्यामुळे तू पुढे झाली असतीस, तरी तुझ्या दोन हातांनी सारे झाले नसते. बाकीची चार-सहा माणसे कामाला लावण्याची गरज होती आणि त्यासाठी आवाज लागतो. “दादा, तुम्ही इथे गुडघ्यावर बसा आणि हे कापड असे दाबून धरा”, “काका, पाणी देऊ नका, ते श्वासनलिकेत जाईल”, “कंडक्टरसाहेब, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि किलोमीटरचा दगड वाचून कुठला टप्पा आहे ते सांगा”, अशी एकेका माणसाकडे पाहून सांगितलेली वाक्ये लोक ऐकतात. नुसते “कोणीतरी फोन करा” म्हटले, तर फोन कोणीच करत नाही. एस.टी.चा वाहक अशा वेळी फार उपयोगी पडतो, कारण गणवेशातल्या माणसाचे गर्दी ऐकते आणि गाडीतली प्रथमोपचार पेटीही त्याच्याकडेच मागता येते.

ज्या चौघांनी त्या माणसाला उचलले, त्यांच्याविषयी मनात कडवटपणा ठेवू नकोस. घाटात कित्येकदा मोबाइलला रेंज नसते, रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात येणारी पहिली जीप हीच रुग्णवाहिका ठरते. त्यांची घाई चूक नव्हती, उचलण्याची पद्धत चूक होती. एकाने डोके-मान धरायची, त्यानेच “एक, दोन, तीन” म्हणायचे आणि उरलेल्यांनी खांदे, कंबर व पाय एकाच वेळी, एकाच पातळीत उचलायचे, एवढे सांगणारे कोणी असते तर तीच चार माणसे तेच काम नीट करू शकली असती. तुला ते ठाऊक होते आणि बोलता आले नाही. बोलता का आले नाही, तर यापूर्वी कधी बोलून पाहिले नव्हते म्हणून. वर्गात हे उत्तर लिहून गुण मिळतात, पण ते मोठ्याने उच्चारण्याचा सराव कोणी करून घेत नाही. म्हणून कोणतेही प्रशिक्षण निवडताना त्यात किती तास वाचायचे आहे हे न पाहता, किती वेळा गुडघ्यावर बसून, मोठ्याने बोलून, दुसऱ्याला काम सांगून सराव करायचा आहे, हे पाहावे.

त्या दृष्टीने पहिले पाऊल म्हणजे बीएलएस, अर्थात जीवरक्षणाचे मूलभूत प्रशिक्षण. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी सत्रपद्धतीचा जो सुधारित अभ्यासक्रम लागू केला, त्यात पहिल्या सत्राच्या नर्सिंग फाउंडेशनमध्ये प्रथमोपचाराचा आणि तिसऱ्या सत्राच्या अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगमध्ये बीसीएलएसचा (हृदय व श्वसनासाठीच्या मूलभूत जीवरक्षणाचा) भाग समाविष्ट आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तू बाहेर पैसे भरायला निघाली आहेस, तिचा पाया याच सत्रात तुझ्या कॉलेजने तुला द्यायचा आहे. काही ठिकाणी हा भाग सरावाच्या पुतळ्याभोवती पन्नास मुली उभ्या करून एकदा दाखवला जातो आणि वहीत सही होते. तुझ्याकडे तसे होत असेल, तर दोघी-तिघी मैत्रिणींना सोबत घेऊन ट्यूटर मॅडमना भेट आणि स्किल लॅबची किल्ली दुपारच्या वेळी तुम्हाला मिळावी, अशी लेखी विनंती कर. विद्यार्थिनींनी सरावासाठी लॅब मागितली म्हणून रागावलेली ट्यूटर मी पाहिलेली नाही.

त्याशिवाय एक दिवस काढून मान्यताप्राप्त केंद्रात बीएलएस करून टाक. आपल्याकडे दोन मार्ग आहेत. एक अमेरिकन हार्ट असोसिएशनचा, ज्याची केंद्रे मोठ्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत चालतात आणि ज्याचे कार्ड दोन वर्षे ग्राह्य असते. दुसरा इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचा, ज्यात सर्वसामान्यांसाठी सीओएलएस (फक्त छातीवर दाब देण्याचा), आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी बीसीएलएस आणि पुढच्या पातळीचा सीसीएलएस असे अभ्यासक्रम आहेत. परदेशी जाण्याचा किंवा मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात नोकरी करण्याचा विचार असेल, तर पहिले कार्ड अधिक ठिकाणी विचारले जाते. शिकण्याच्या दृष्टीने दोन्हींचा गाभा एकच आहे. छातीवरचा दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देऊन, तीस दाबांनंतर दोन श्वास आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलणे, हे सारे तू परीक्षेत लिहिशील; परंतु दोन मिनिटे सलग दाब दिल्यावर आपला वेग कसा घसरतो आणि दाब कसा उथळ होतो, हे घाम आल्याशिवाय कळत नाही.

हे कार्ड म्हणजे परवाना नव्हे, हेही लक्षात ठेव. ते अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे कार्ड आहे आणि ते देणारी संस्था स्वतःही त्याहून जास्त दावा करत नाही. सीपीआरचे, म्हणजे छातीवर दाब आणि श्वास देण्याचे कौशल्य सरावाविना काही महिन्यांतच ओसरू लागते, म्हणून कार्डवरची दोन वर्षे संपण्याची वाट न पाहता दर दोन-तीन महिन्यांनी लॅबमध्ये पाच मिनिटे पुतळ्यावर हात चालवत जा. कार्डावर जो संकेतांक असतो, त्यावरून ते खरे आहे की नाही, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते. तुझे कार्ड मिळताच तू स्वतः ते पडताळून पाहा, कारण प्रशिक्षणाला न बसता कार्ड मिळवून देणारे लोक या व्यवसायात आहेत आणि अशा कार्डाने नोकरी मिळाली, तरी पहिल्याच अडचणीच्या वेळी रुग्णाचा जीव त्याची किंमत मोजतो.

एसीएलएस, म्हणजे हृदयविकाराच्या प्रगत उपचारांचे सुमारे दोन दिवसांचे प्रशिक्षण, आत्ताच करू नकोस. त्यात ईसीजीवरची लय ओळखणे, अ‍ॅड्रेनालिनची १ मिलिग्रॅमची मात्रा दर तीन ते पाच मिनिटांनी देणे, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) केव्हा वापरायचा आणि केव्हा नाही, असे विषय येतात. मॉनिटर लावलेला रुग्ण जिने फारसा हाताळलेला नाही, तिला ते दोन दिवस परक्या भाषेतल्या कीर्तनासारखे जातात. औषधशास्त्र आणि आयसीयूची पोस्टिंग झाल्यावर, म्हणजे शेवटच्या वर्षात किंवा इंटर्नशिपमध्ये तू हे प्रशिक्षण घेतलेस, तर तेच पैसे सार्थकी लागतील आणि नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी कार्डाची मुदतही शिल्लक असेल.

आता मावसबहिणीच्या सल्ल्याविषयी. ती खोटे सांगत नाही, पण ती तिथल्या व्यवस्थेविषयी बोलते आहे. अमेरिकेत १९६६ साली नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला, त्यानंतर रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या माणसांसाठी ठरावीक प्रशिक्षण आखले गेले आणि १९७० मध्ये ईएमटींची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. तिथे ईएमटी हा स्वतंत्र, परीक्षा देऊन मिळणारा आणि राज्याच्या परवान्याने चालणारा व्यवसाय आहे. प्राथमिक पातळीचे प्रशिक्षण साधारण दीडशे ते दोनशे तासांत पूर्ण होते आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात गावोगावची स्वयंसेवी पथकेसुद्धा आहेत. नर्सिंगला जाऊ इच्छिणारी मुलगी तिथे ईएमटी होते, कारण तिला आठवड्यातून एक रात्र खऱ्या रुग्णवाहिकेवर बसता येते आणि रुग्णाला हात लावण्याचा अनुभव मिळतो. तुला इथे कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वॉर्डात पाठवले जाते, म्हणजे तो अनुभव तुझ्या अभ्यासक्रमातच आहे. शिवाय इथली ईएमटी पदविका घेऊन तिकडच्या नोंदणी परीक्षेला बसता येत नाही, कारण त्यासाठी तिथल्या राज्याने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तुला पुढे अमेरिकेत जायचेच असेल, तर तुझा मार्ग पदवी, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि एनसीएलईएक्स ही तिथल्या परिचारिका परवान्याची परीक्षा असा आहे.

महाराष्ट्रातली स्थिती तर आणखी वेगळी आहे आणि ‘रुग्णवाहिकेवर नोकरीची हमी’ हे शब्द त्या माहितीच्या उजेडात वाचले पाहिजेत. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षणाच्या आणि ७०४ मूलभूत जीवरक्षणाच्या होत्या. या सेवेत चालकासोबत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर आणि आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण घेतलेला. हैदराबादहून २००५ मध्ये सुरू झालेली १०८ ची सेवा ज्या राज्यांत पसरली, त्यांतल्या अनेक ठिकाणी रुग्णाजवळ ईएमटी बसतो. आपल्याकडची रचना तशी नाही. त्यामुळे ईएमटी पदविकेला इथे मागणी आहे ती मुख्यतः खासगी रुग्णालयांच्या रुग्णवाहिका, कारखाने आणि मोठ्या कार्यक्रमांची वैद्यकीय पथके यांच्याकडून. तीही कामे चांगली आहेत, परंतु नोंदणीकृत परिचारिकेला त्यासाठी वेगळी पदविका लागेलच असे नाही.

माझ्या बोलण्यावर विसंबून न राहता तू स्वतः त्या संस्थेत जा आणि शांतपणे विचार : या पदविकेला कोणत्या शासकीय मंडळाची किंवा विद्यापीठाची मान्यता आहे, रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष किती तास बसवणार, कोणत्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (आपत्कालीन विभागात) पाठवणार आणि तसा लेखी करार आहे का, शिकवणारी माणसे स्वतः आपत्कालीन विभागात काम केलेली आहेत का आणि मागच्या तुकडीतल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकलसह अनेक सहवैद्यकीय व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे, त्यामुळे मान्यतेचा प्रश्न यापुढे अधिकच महत्त्वाचा होणार आहे. उत्तरे लेखी मिळत नसतील, तर बाबांचे ४०,००० रुपये घरीच राहू देत. भातशेतीतून तेवढे पैसे बाजूला पडायला किती हंगाम लागतात, हे तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

ती संस्था अगदी प्रामाणिक निघाली, तरी माझे उत्तर बदलणार नाही आणि त्याचे कारण तुझी हजेरी. परिचर्या परिषदेच्या नियमानुसार प्रत्येक विषयाच्या परीक्षेला बसण्यासाठी तासांना आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची १०० टक्के उपस्थिती भरून काढावी लागते. गैरहजेरीचे कारण काहीही असले, तरी हा नियम लागू असतो. एक वर्षभर प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात गेल्यावर तुझी केस स्टडी, लॉगबुक, असाइनमेंट आणि धुणे-झोप यांच्यासाठी कोणता दिवस उरेल? आठवड्याच्या सातही दिवशी थकलेली विद्यार्थिनी इंजेक्शनच्या मात्रेचा दशांश चिन्हाचा हिशेब चुकवते. हे मी वॉर्डात प्रत्यक्ष पाहिले आहे आणि त्या मुलीचे रडणेही पाहिले आहे.

ज्या शिक्षणासाठी तू बाहेर जाऊ पाहतेस, ते तुझ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रोज घडत असते. पोस्टिंग लागली की विद्यार्थिनी बहुधा भिंतीशी उभ्या राहतात, कारण गर्दीत आपली अडचण नको, असे त्यांना वाटते. तू पहिल्याच दिवशी परिसेविका बाईंना भेट आणि “मला क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची ढकलगाडी) लावायला शिकवा” असे सांग. ड्यूटी सुरू होताच कार्टचे कप्पे उघडून प्रत्येक वस्तू हाताने चाचपायची, लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहण्याच्या साधनाचा) दिवा लागतो का पाहायचे, हाताने श्वास देण्याची अँब्यू बॅग दाबून तिची झडप तपासायची, घशातला स्राव ओढणारे सक्शन सुरू करून त्याचा आवाज ऐकायचा, औषधांच्या मुदतीच्या तारखा वाचायच्या. हे दहा दिवस केलेस, तर अकराव्या दिवशी कोणी “अ‍ॅड्रेनालिन” म्हणताच तुझा हात न बघता योग्य कप्प्यावर जाईल.

यामागे माझी स्वतःची एक आठवण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका रुग्णालयात रात्रपाळीला, धाप लागलेले एक आजोबा आमच्यापुढे आले आणि काही मिनिटांत त्यांचा श्वास थांबला. मोठा ऑक्सिजन सिलिंडर खाटेशी उभा होता, भरलेला होता आणि तो उघडायची किल्ली सापडत नव्हती. वॉर्डातल्या मावशी, मामा, मी, सगळेच शोधत होतो. किल्ली दुसऱ्या वॉर्डात गेलेली होती. ती वेळेवर मिळाली असती तर आजोबा वाचले असते का, याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. दुसऱ्या दिवशी मी गॉजपट्टीने ती किल्ली सिलिंडरच्या गळ्याला बांधली आणि पुढची २६ वर्षे ड्यूटीवर आल्यावर पर्स ठेवण्याआधी किल्लीला हात लावला. तुझी घाटातली रात्र मला समजते ती यामुळेच. ती आठवण जाणार नाही. पण झोप मोडत राहिली, तर कॉलेजच्या समुपदेशकांशी किंवा विश्वासातल्या ट्यूटरशी बोल. परिचारिकेने स्वतःसाठी मदत मागणे हा तिच्या कामाचाच भाग आहे.

तुझ्या प्रदेशाचा विचार केला, तर आणखी काही गोष्टी तू शिकायला हव्यास, ज्या आयात केलेल्या अभ्यासक्रमांत तोंडी लावण्यापुरत्या येतात. कोकणात फुरसे आणि घोणस चावलेला माणूस दाराशी येतो, तेव्हा त्याच्या पायाला सुतळी करकचून बांधलेली असते आणि जखमेवर ब्लेडने चिरा दिलेल्या असतात. चिरा द्यायच्या नाहीत, आवळपट्टी बांधायची नाही, हाड मोडल्यावर करतो तसा तो अवयव फळीने स्थिर ठेवायचा, रुग्णाला चालवायचे नाही आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचे, हे तू गावात चार घरी सांगितलेस तरी त्याचा उपयोग होईल. तांबड्या विंचवाच्या दंशाने हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होतो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग तुमच्याच बाजूला, महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिला. घाटावर पोस्टिंग असताना कीटकनाशकाची विषबाधा पाहायला मिळेल : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, तोंडातून लाळ, अंगाला घाम. अशा रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचे असते आणि ते करताना स्वतःच्या हातात मोजे हवेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना झालेल्या विषबाधेनंतर हा विषय कोणत्याही परिचारिकेने ऐच्छिक समजू नये.

आता कायद्याविषयी. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेल्या मदतीत चुकून काही इजा झाली वा मृत्यू ओढवला, तरी मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा रक्त दाबून धरण्यासाठी, मान स्थिर ठेवण्यासाठी, सीपीआर देण्यासाठी तुला घाबरण्याचे कारण नाही. परंतु या संरक्षणाचा आधार घेऊन तू रस्त्यावर सलाईन लावू नयेस, इंजेक्शन देऊ नयेस किंवा कोणाच्या घशात नळी घालू नयेस. वॉर्डात ही कामे तू देखरेखीखाली करतेस, ती तुझ्या नावावर अजून जमा झालेली नाहीत. नोंदणी झाल्यानंतरही परिचारिकेचे अधिकार आणि डॉक्टरच्या आदेशावर करायची कामे यांतली रेषा तुला पाळावीच लागेल. गर्दीला स्वतःची ओळख करून देताना “मी डॉक्टर आहे” असे कोणी समजले, तर ती समजूत लगेच दुरुस्त कर आणि “मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, मला प्रथमोपचार येतात” एवढेच सांग, तेवढे पुरते.

पदवीनंतरही तुझे मन आपत्कालीन सेवेतच रमत असेल, तर त्यासाठी सरळ वाट आहे. परिचर्या परिषदेची आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका नोंदणीकृत परिचारिकांसाठीच आहे आणि एक वर्षाच्या अनुभवानंतर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही करता येतो. अपघातग्रस्तांच्या उपचारांचे परिचारिकांसाठी आखलेले एटीसीएन हे प्रशिक्षण त्या वेळी घ्यावेस. या वाटेवर मिळणारी प्रत्येक पात्रता तुझ्या परिचारिका म्हणून असलेल्या नोंदणीत भर घालते.

पिशवीत काय ठेवावे, हे तू विचारले आहेस. मोज्यांचे चार जोड, दोन रुंद गॉज रोल, एक त्रिकोणी बँडेज, बोथट टोकाची मजबूत कात्री, तोंडावाटे श्वास देण्यासाठी झडप असलेला पॉकेट मास्क, लहान विजेरी आणि कागद-पेन, कारण रक्तस्राव केव्हा थांबला आणि शुद्ध केव्हा हरपली, याची वेळ रुग्णालयातल्या डॉक्टरला हवी असते. हेपॅटायटिस बीच्या लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत का, ते कॉलेजच्या नोंदवहीत तपास. राहिली असेल तर बीएलएसच्या आधी तीच घे. आणि हा सारा ऐवज बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली न ठेवता बाहेरच्या कप्प्यात ठेव; एस.टी.त बॅग वरच्या रॅकवर टाकलीस, तरी तो कप्पा हाताला लागेल अशा बाजूने ठेव.